लॅटिनोंचा स्मृतिभ्रंश : संस्कृतीचा प्रश्न की वर्गाचा?

अमेरिकेत पासष्टी उलटलेल्या सत्तर लाखांहून अधिक लोकांना आज अल्झायमरचा स्मृतिभ्रंश जडलेला आहे. या आकड्याच्या पोटात आणखी एक आकडा दडलेला आहे. मेक्सिको, पोर्तो रिको, डोमिनिकन प्रजासत्ताक, क्यूबा, मध्य अमेरिका अशा प्रदेशांतून आलेल्या लोकांना आणि त्यांच्या वंशजांना तेथे लॅटिनो म्हणतात. तेथील अल्झायमर असोसिएशनच्या अहवालांनुसार वृद्ध लॅटिनोंमध्ये या व तत्सम विकारांचे प्रमाण गोऱ्या वृद्धांच्या सुमारे दीडपट आहे. २०२० च्या जनगणनेत या समाजाची संख्या ६ कोटी २१ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या जवळजवळ १९ टक्के भरली. इतका मोठा समाज आणि इतके वाढीव प्रमाण. तरीही त्यांच्यातील रुग्ण डॉक्टरपर्यंत पोहोचतो तो बहुधा रोग बराच पुढे गेल्यानंतर.

असे का होते, या प्रश्नाला दोन तयार उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर सरकारी व धर्मादाय वर्तुळांतले. लॅटिनो कुटुंबवत्सल आहेत, म्हातारपणाचे दुखणे ते घरातच झाकून ठेवतात, त्यांच्यात जागृती नाही; म्हणून त्यांच्या संस्कृतीला रुचेल अशा रीतीने त्यांचे प्रबोधन केले पाहिजे. दुसरे उत्तर डाव्या वर्तुळांतले. हे सारे दारिद्र्याचे फळ आहे, संस्कृतीची चर्चा हा मूळ प्रश्नावर टाकलेला पडदा आहे. विमा द्या, वेतन द्या, बाकीचे आपोआप होईल. ही दोन्ही उत्तरे अर्धी आहेत. पहिल्याला घर दिसते, पण त्या घरात येणारी मजुरी दिसत नाही. दुसऱ्याला मजुरी दिसते, पण त्या घरात कोणत्या भाषेत दुःख बोलले जाते, हे जाणून घेण्याची गरज वाटत नाही. लोकांमध्ये जाऊन काम करणाऱ्या कोणत्याही पक्षाला हा वाद परका वाटण्याचे कारण नाही.

प्रथम रोगाच्या मुळाकडे पाहू. १९०६ साली आलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टराने ट्यूबिंगन येथे एका स्त्री-रुग्णाच्या मेंदूतील बदलांचे वर्णन केले, तेव्हापासून हा विकार वैद्यकाला ठाऊक आहे. त्याची सर्व कारणे अद्याप उलगडलेली नाहीत; परंतु काही गोष्टी पुरेशा स्पष्ट झाल्या आहेत. कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटोच्या परिसरात १९९८ पासून साठ वर्षांवरील सुमारे १,८०० लॅटिनोंची, मुख्यतः मेक्सिकन वंशाच्या लोकांची, दीर्घकाळ पाहणी झाली. मेरी हान यांच्या नेतृत्वाखालील त्या संशोधनातून २००३ मध्ये असा निष्कर्ष पुढे आला, की या समाजात आढळलेल्या स्मृतिभ्रंशापैकी सुमारे ४३ टक्के वाटा मधुमेह, पक्षाघात किंवा या दोहोंच्या खात्यावर पडतो. न्यूयॉर्कच्या उत्तर मॅनहॅटन भागात कोलंबिया विद्यापीठाने केलेल्या पाहणीत कॅरिबियन लॅटिनोंमध्ये नव्याने रोग होण्याचे प्रमाण गोऱ्यांच्या सुमारे दुप्पट आढळले.

मधुमेह आणि रक्तदाब हे काही केवळ रक्तातून येणारे शाप नव्हेत. ते कामाच्या पाळीतून येतात, स्वस्त व निकृष्ट अन्नातून येतात, आणि मुख्य म्हणजे वेळेवर न मिळालेल्या उपचारातून बळावतात. आज जे लॅटिनो वृद्ध ऐंशीच्या आसपास आहेत, त्यांचे तारुण्य कसे गेले याचा हिशेब मांडल्याखेरीज त्यांच्या वार्धक्याचा अर्थ लागणार नाही. १९४२ ते १९६४ या काळात ‘ब्रासेरो’ योजनेखाली मेक्सिकन मजुरांशी ४५ लाखांहून अधिक करार झाले. हंगामापुरते आणायचे आणि पीक निघाले की परत पाठवायचे, असा हा व्यवहार होता. सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्या मजुरीतून दहा टक्के रक्कम बचत म्हणून कापली गेली, आणि अनेकांच्या हाती ती कधीच पडली नाही. अमेरिकेने १९३५ साली सामाजिक सुरक्षेचा आणि १९३८ साली किमान वेतनाचा कायदा केला, त्या दोन्हींतून प्रारंभी शेतमजूर व घरकामगार यांना वगळण्यात आले होते. कमरेत वाकून दिवसभर राबायला लावणारे आखूड दांड्याचे खुरपे कॅलिफोर्नियाच्या शेतांतून हद्दपार व्हायला १९७५ साल उजाडावे लागले. ज्यांच्या शरीराचा असा वापर झाला, ज्यांना दोनचार इयत्तांपलीकडे शाळा मिळाली नाही, त्यांच्या उतारवयातील आजाराचे कारण ‘त्यांची संस्कृती’ असे सांगणे हा आरोपीने फिर्यादीवरच खटला भरण्याचा प्रकार आहे.

येथवरचा युक्तिवाद डाव्या वाचकाला पटेल. पण येथेच थांबणे चुकीचे ठरेल. कारण उद्या प्रत्येक वस्तीत मोफत दवाखाना उघडला, तरी त्याच्या पायऱ्या चढायला माणसाला आधी आपल्याला काय होते आहे हे कळावे लागते, आणि ते सांगण्याची लाज वाटेनाशी व्हावी लागते.

शब्दांचेच उदाहरण घ्यावे. वैद्यकाच्या पुस्तकातील ‘डिमेन्शिया’ला स्पॅनिशमध्ये ‘देमेन्सिया’ म्हणतात. आणि ‘देमेन्ते’ म्हणजे सामान्य बोलीत वेडा. वडिलांना ‘देमेन्सिया’ आहे असे डॉक्टराने म्हटले की मुलीच्या कानी ‘तुझा बाप वेडा झाला’ एवढेच पडते. मग ती पुन्हा त्या डॉक्टरकडे जात नाही. विसरभोळेपणा, त्याच त्याच प्रश्नांचा घोष, संध्याकाळ झाली की घराबाहेर पडण्याची धडपड, या साऱ्याला घरात ‘वयाच्या गोष्टी’ म्हणतात, किंवा मुलाच्या मृत्यूचा वा देश सोडल्याच्या दुःखाचा परिणाम मानतात. अल्झायमर असोसिएशनच्या २०२१ च्या अहवालात निम्म्याहून अधिक लॅटिनोंनी स्मरणशक्तीचा मोठा ऱ्हास हा म्हातारपणाचा स्वाभाविक भाग आहे असे मत नोंदवले. मात्र त्याच अहवालात सुमारे एकतृतीयांश लॅटिनोंनी आरोग्यसेवा घेताना आपल्याला भेदभावाची वागणूक मिळाल्याचेही सांगितले आहे. या दोन उत्तरांपैकी पहिल्याचीच तेवढी चर्चा करायची आणि दुसऱ्याकडे डोळेझाक करायची, हा प्रबोधनाच्या धंद्यातील जुना दोष आहे.

मराठी वाचकाला यात अपरिचित काही नाही. ‘म्हातारचळ’ हा शब्द आणि ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण येथेही रोगाला स्वभाव ठरवून मोकळी होते.

निदानाची साधनेही निरपेक्ष नसतात. स्मृतीच्या एका प्रचलित चाचणीत पाच अक्षरी शब्दाचे हिज्जे उलट क्रमाने सांगायला लावतात. स्पॅनिश आवृत्तीत तो शब्द ‘मुन्दो’, म्हणजे जग, असा आहे. ज्या शेतमजुराने आयुष्यात फारसे लिहिलेलेच नाही, त्याच्याकडून हे हिज्जे उलटे मागणे म्हणजे त्याच्या स्मृतीची नव्हे, त्याला नाकारलेल्या शाळेची परीक्षा घेणे होय. अशा चाचणीत निरोगी माणूस रोगी ठरू शकतो, आणि शिकलेल्या माणसाचा रोग लपून राहू शकतो. म्हणूनच कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत डॅन मंगस व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही भाषांत सारख्याच काट्याने मोजता येईल अशा चाचण्या नव्याने बांधल्या. नुसत्या भाषांतराने हे साधले नसते.

प्रबोधनाचेही तेच आहे. इंग्रजी पत्रकाचे स्पॅनिश करून दवाखान्याच्या मेजावर ठेवले म्हणजे लोकशिक्षण झाले, हा समज सोडून ज्यांनी काम केले त्यांचे अनुभव मोलाचे आहेत. लॉस एंजलिसमध्ये १९९० च्या दशकात ‘एल पोर्ताल’ नावाचा प्रकल्प उभा राहिला. मारिया अरांदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची हकीकत २००३ मध्ये प्रसिद्ध केली आहे. अनेक स्थानिक संस्थांनी एकत्र येऊन लॅटिनो कुटुंबांना त्यांच्या भाषेत, त्यांच्या वस्तीत सेवा द्यायची, आणि सेवा मिळण्याच्या वाटेतील अडथळेच दूर करायचे, अशी त्यामागील दृष्टी होती. स्टॅनफर्ड विद्यापीठात डोलोरेस गॅलाघर-थॉम्प्सन यांच्या गटाने ‘फोटोनोव्हेला’ हाताळली. छायाचित्रे आणि संवादांचे फुगे यांतून गोष्ट सांगणारी ही स्वस्त पुस्तिका मेक्सिकोतील सामान्य माणसाच्या वाचनात पिढ्यान्‌पिढ्या आहे. आजारी वडील, थकलेली मुलगी, ‘मला वेळ नाही’ म्हणणारा भाऊ अशी ओळखीची पात्रे तीत बोलतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नेहमीचे माहितीपत्रक मिळालेल्यांपेक्षा ही पुस्तिका मिळालेल्या लॅटिनो शुश्रूषाकर्त्यांच्या मनावरील खिन्नतेचे सावट अधिक कमी झाले. त्याआधी २००६ मध्ये पाच शहरांतील ६४२ शुश्रूषाकर्त्यांवर झालेल्या दुसऱ्या एका मोठ्या प्रयोगात घरी जाऊन आणि दूरध्वनीवरून सहा महिने प्रशिक्षण व आधार दिल्यावर लॅटिनो कुटुंबांतील शुश्रूषाकर्त्यांच्या जीवनमानात स्पष्ट सुधारणा दिसली. तेव्हा लोक उदासीन नाहीत. त्यांच्याशी बोलण्याची रीत उदासीन होती.

या कामाचा कणा म्हणजे ‘प्रोमोतोरा’. वस्तीतलीच, शेजारच्याच घरातली, थोडे प्रशिक्षण घेतलेली ही स्त्री चर्चमध्ये, धुलाईकेंद्रात, शाळेच्या फाटकापाशी बोलते. तिला पदवी नसते. पण कोणत्या घरात कोण कोणाचे ऐकते हे तिला ठाऊक असते. लॅटिनो समाजाच्या श्रमिक चळवळीला ही रीत नवी नाही. १९६५ मध्ये डेलानो येथे फिलिपिनो मजुरांनी सुरू केलेल्या व मेक्सिकन मजुरांनी उचलून धरलेल्या द्राक्षमळ्यांच्या संपात लुईस वाल्देस यांनी ‘तेआत्रो कांपेसिनो’ उभे केले. मालमोटारींच्या सपाट पाठीवर मजूरच नट होऊन मजुरांसमोर खेळ करीत. संपाची अर्थनीती त्या खेळांनी जितकी समजावली तितकी कोणत्याही पत्रकाने समजावली नसती. संस्कृती ही श्रमिकांच्या लढ्याला अडसर असते असे मानणाऱ्यांनी हा इतिहास आठवावा.

परंतु संस्कृतीच्या नावाने आणखी एक माल खपवला जातो, आणि तेथे सावध राहणे आवश्यक आहे. ‘फामिलिस्मो’, म्हणजे कुटुंबनिष्ठा, या लॅटिनो गुणाची स्तुती सरकारी अहवालांतून वारंवार होते. लॅटिनो आपल्या म्हाताऱ्यांना शुश्रूषागृहात टाकत नाहीत, असे कौतुकाने लिहिले जाते. या कौतुकाचा अर्थशास्त्रीय अर्थ तपासला पाहिजे. २०२३ मध्ये अमेरिकेत एक कोटीहून अधिक लोकांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी सुमारे १,८४० कोटी तास बिनमोबदला शुश्रूषा केली, आणि तिचे मूल्य सुमारे ३४,६०० कोटी डॉलर होते, असा अल्झायमर असोसिएशनचा हिशेब आहे. हे श्रम राष्ट्रीय उत्पन्नात कोठेही धरले जात नाहीत. ते बहुतांशी स्त्रिया करतात. लॅटिनो घरांत विशेषतः मुली व सुना. त्यासाठी त्या नोकरी सोडतात, पाळ्या कमी करून घेतात, आणि त्यामुळे त्यांचे स्वतःचे निवृत्तिवेतनही आक्रसते. एका पिढीच्या वार्धक्याची किंमत दुसऱ्या पिढीच्या वार्धक्यातून वसूल केली जाते. मेडिकेअर ही पासष्टीनंतरची सरकारी विमायोजना डॉक्टर व रुग्णालय यांचा खर्च उचलते. परंतु रोज न्हाऊमाखू घालणारी, भरवणारी, रात्री जागणारी दीर्घकालीन शुश्रूषा तिच्यात बसत नाही. २०२४ मध्ये सुरू झालेल्या एका नव्या योजनेत शुश्रूषाकर्त्याला विसावा मिळावा म्हणून वर्षाला २,५०० डॉलरपर्यंतची सोय झाली आहे. पाऊल स्वागतार्ह आहे, पण वर्षाच्या आठ हजार सातशे साठ तासांपुढे ते किती पुरणार? अशा स्थितीत कुटुंबनिष्ठेची स्तुती म्हणजे राज्यसंस्थेने आपली जबाबदारी झटकण्यासाठी वापरलेले गोड शब्द ठरतात.

आणखी एक विसंगती आहे. दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांना सांभाळण्याचा अमेरिकेतील पगारी धंदाही मोठ्या प्रमाणावर लॅटिनो आणि इतर स्थलांतरित स्त्रियांच्याच खांद्यावर आहे. सधन वस्तीतल्या आजीला भरवून जी स्त्री घरी परतते, तिची स्वतःची आई दिवसभर कुलूपबंद घरात एकटी असू शकते. येथे लॉस एंजलिसचेच उदाहरण मार्गदर्शक आहे. घरोघरी विखुरलेल्या, कायद्याने मालकच नसलेल्या शुश्रूषा-कामगारांना संघटित करता येणार नाही असे मानले जात होते. एका तपाच्या परिश्रमानंतर फेब्रुवारी १९९९ मध्ये तेथील सुमारे ७४,००० कामगारांनी मतदानाने युनियन निवडली. कॅलिफोर्नियाच्या या योजनेत गरीब वृद्धाला सांभाळणाऱ्या नातेवाइकालाही वेतन मिळू शकते. म्हणजे आईची सेवा करणारी मुलगी एकाच वेळी मुलगीही असते आणि कामगारही. तिच्या प्रेमाचा मान आणि तिच्या श्रमाचे दाम यांत विरोध नाही, हे त्या युनियनने व्यवहारात दाखवून दिले.

प्रबोधनाचा पाया विश्वास हा असतो, आणि त्यालाच गेल्या काही वर्षांत सुरुंग लागला आहे. सरकारी मदत घेणाऱ्या स्थलांतरितांचा कायम वास्तव्याचा हक्क धोक्यात येईल असा नियम २०१९ मध्ये जाहीर झाला. पुढे तो मागे घेतला गेला, पण भीती मागे राहिली. जानेवारी २०२५ मध्ये चर्च, शाळा व रुग्णालये येथे धरपकड न करण्याचे जुने बंधन काढून टाकण्यात आले. त्याच वर्षी जूनमध्ये काही राज्यांतील मेडिकेड या गरिबांच्या आरोग्ययोजनेतील लाभार्थींची माहिती केंद्रीय आरोग्यखात्याने स्थलांतर-नियंत्रण पाहणाऱ्या खात्याकडे सोपवली. ज्या चर्चच्या अंगणात प्रोमोतोरा स्मृतिभ्रंशाविषयी बोलते, तेथे जाण्याचेच भय वाटू लागले, तर तिच्या गोड भाषेचा काय उपयोग? कागदपत्रे नसलेला मजूर आयुष्यभर पगारातून सामाजिक सुरक्षेचा कर भरतो आणि म्हातारपणी त्याला त्यातला छदामही मिळत नाही. कॅलिफोर्नियाने जानेवारी २०२४ मध्ये अशा सर्व वयाच्या गरिबांना आपली आरोग्ययोजना खुली केली खरी. पण जानेवारी २०२६ पासून कागदपत्रे नसलेल्या प्रौढांची नवी नोंदणी थांबवण्याचे ठरले. दार उघडायचे आणि लोक येऊ लागले की लोटायचे, याला संस्कृतीची जाण म्हणत नाहीत.

विज्ञानाचा आणि या लोकांचा व्यवहारही तपासण्याजोगा आहे. कोलंबियाच्या आंतिओकिया प्रांतात काही विस्तृत कुळांत चाळिशीतच हा रोग सुरू होतो. गावकरी त्याला ‘ला बोबेरा’, म्हणजे खुळेपणा, म्हणत. डॉ. फ्रान्सिस्को लोपेरा यांनी दशकानुदशके त्या घरांत जाऊन, माणसांशी नाते जोडून त्यामागील जनुकीय दोष जगासमोर आणला. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. या कुटुंबांनी रक्त दिले, मृतांचे मेंदू दिले, औषधाच्या दीर्घ चाचणीत भाग घेतला. २०२२ मध्ये त्या औषधाचा गुण आला नसल्याचे जाहीर झाले. मेक्सिकोच्या हालिस्को राज्यातील काही कुळांतही असाच एक दोष आढळला असून त्यांचे वंशज लॉस एंजलिसमध्ये स्थायिक आहेत. तेव्हा अल्झायमरच्या ज्ञानात या समाजाचे देणे मोठे आहे. उलट २०२३ मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळालेल्या लेकानेमॅब या औषधाची वर्षाची किंमत २६,५०० डॉलर ठेवण्यात आली. तेही रोग बरा करत नाही, त्याची गती थोडी मंदावते. आणि ते रोगाच्या प्रारंभीच द्यावे लागते. ज्यांचे निदान उशिरा होते, त्यांच्यासाठी हे औषध अस्तित्वातच नाही.

यातून काढायचा निष्कर्ष सरळ आहे. संस्कृतीची जाण असलेले प्रबोधन हवेच; परंतु ते सेवेच्या हक्काला जोडलेले हवे. लोकांना ‘लक्षणे ओळखा’ असे सांगायचे आणि ओळखल्यावर जायचे कोठे हे सांगायचे नाही, ही फसवणूक आहे. तसेच प्रोमोतोरेला स्वयंसेविका म्हणून गौरवायचे आणि तिला वेतन द्यायचे नाही, हा दुसरा बिनमोबदला श्रम आहे.

हे शेवटचे वाक्य मुंबईच्या आझाद मैदानात धरणे धरून बसणाऱ्या आशा-सेविकांना समजावून सांगावे लागणार नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठ वर्षांवरील सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. त्यांनाही सांभाळतात त्या मुली व सुना, आणि येथेही ‘आपली कुटुंबपद्धती’ या शब्दांनी विषय संपवला जातो. लॅटिनो वस्त्यांतील अनुभव जसाच्या तसा येथे लागू होणार नाही. परंतु शिबिर भरवणाऱ्या, पत्रके वाटणाऱ्या कार्यकर्त्याने त्यातून दोन प्रश्न बरोबर न्यावेत. या घरात या दुखण्याला काय म्हणतात? आणि ते निस्तरताना कोणाची मजुरी बुडते? पहिला प्रश्न विचारल्याशिवाय दार उघडत नाही; आणि दुसरा विचारला नाही, तर उघडलेल्या दारातून आत शिरतो तो केवळ उपदेश.